दोन मिळवून लिहा

सोमवारी चौथ्या तासाला पूर्णिमानं एक वाक्य अर्धं सोडलं आणि सातवी ब नं ते पुरं केलं. झालं ते एवढंच. कसबा पेठेतल्या त्या शाळेत हे रोजचंच होतं. बाई म्हणायच्या, "पृथ्वी स्वतःभोवती..." आणि वर्ग म्हणायचा, "फिरते." बाई म्हणायच्या, "वनस्पती आपलं अन्न स्वतः..." आणि वर्ग म्हणायचा, "तयार करतात." वाक्य चढत जायचं, शेवटच्या पायरीशी थांबायचं, आणि पाय टाकायचा तो मुलांनी. त्या दिवशी धडा उकळण्याचा होता. खिडकीतून तांबट आळीची ठोकाठोक येत होती, मागच्या बाकावर बी.एड.ची ऋतिका पाठ बघायला बसली होती, आणि खोटं कशाला बोला, बाईंचं अर्धं लक्ष मांजरी उपनगरातल्या आपल्या सोसायटीत आज टँकर येतो की नाही याकडे होतं. तशातच पूर्णिमा म्हणाली, "पाणी उकळायला लागलं, आणि मग आपण गॅस आणखी मोठा केला, तर पाणी आणखी गरम..." "होतं," वर्ग म्हणाला. सगळा वर्ग, ठणठणीत आवाजात. कोणी मागे राहिलं नाही, कोणी अडखळलं नाही. खरं उत्तर 'होत नाही' असं होतं, गेल्याच आठवड्यात याच वर्गानं ते याच ठणठणीत आवाजात दिलं होतं.  'नाही' हवं असलं की आपण आवाज जरा खाली घेतो, मान किंचित हलवतो, हे तिला त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आज मान हलवायची राहिली होती. ती चूक सुधारायला तोंड उघडणार तोच घंटा झाली.

"मॅडम, काय सॉलिड रिस्पॉन्स आहे तुमच्या क्लासचा," जिन्यात ऋतिका म्हणाली. पोरगी हुशार, मनापासून शिकायला आलेली. "मी पाठ घेतला ना परवा, डेड सायलेन्स. सगळे नुसते बघत बसले माझ्याकडे. मला हे तुमचं टेक्निक शिकवा ना, प्लीज. पुढचा पाठ मी असाच घेते."  हिच्याही लक्षात चूक आली नव्हती. एम.एस्सी. झालेली मुलगी, मागं बसून मन लावून ऐकत होती, आणि त्या सुराबरोबर तीही डोलत पुढं निघून गेली होती. "बघू," एवढंच पूर्णिमा म्हणाली. पुढचा तास सातवी अ वर होता. तिथं तिनं जे केलं ते करायला नको होतं, पण राहवलं नाही. चेहरा हसरा ठेवला, आवाज मजेत चढवला, मान होकारार्थी झुलवली आणि म्हणाली, "लोखंडी खिळा पाण्यात टाकला, की तो पाण्यावर..." "तरंगतो," वर्ग म्हणाला. पहिल्या बाकावरच्या दोघी तर तिच्या आधी हसून मोकळ्या झाल्या होत्या. तिनं लगेच सांगून टाकलं की मी गंमत केली, आणि सगळा वर्ग पुन्हा एका सुरात हसला. तेही तिच्याच हसण्यावरून.

संध्याकाळी स्कूटरवर हडपसरच्या गर्दीत अडकलेली असताना तिला हिशेब लागेना. वीस-बावीस वर्षं. प्रत्येक वर्षाचे वर्ग. शाळेत तिचं नाव होतं ते याच एका गोष्टीसाठी. गजभियेबाईंचा वर्ग बोलतो, असं मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगायचे आणि मुद्दाम तिच्याच वर्गावर घेऊन यायचे. शिक्षकखोलीत एक-दोघांना ते खुपायचं. "बाईंच्या वर्गात कुणी चुकत नाही हो, कारण कुणी एकटं बोलतच नाही," असं एक सर चहाच्या कपात बघत म्हणाले होते, आणि पुण्यात असल्या वाक्यावर हसायचं असतं म्हणून तीही हसली होती. पण तिची खरीच श्रद्धा होती. वर्ग बोलला की वर्ग शिकला, ही एक. आणि दुसरी, जी तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती, बी.एड.च्या कुठल्या पुस्तकातही ती नव्हती: कुठल्याही पोराला एकट्याला उभं करायचं नाही. मेलं तरी करायचं नाही. पुढचा ट्रक हलला, तिनं स्कूटर दोन हात पुढं घेतली, पुन्हा पाय टेकले. धुरानं डोळे चुरचुरत होते, की आणखी कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती पाचवीत होती तेव्हा तिचे वडील भंडाऱ्याहून खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून आले. वडिलांनी घराचं सामान लावायच्या आधी पोरीचं नाव शाळेत घातलं. मधल्या सुट्टीपर्यंत सगळं ठीक होतं. मग भूगोलाच्या बाईंनी तिला उभं केलं आणि वैनगंगेबद्दल सांग म्हणाल्या, तुझ्याच गावची नदी आहे. तिला आनंदच झाला. वैनगंगा तिनं डोळ्यांनी पाहिली होती, तिच्यात पाय बुडवले होते. तिनं सांगायला सुरुवात केली की नदी गावाच्या बाजूनं वाहून राहिली आहे, आणि लोक तिथं कपडे धुऊन राहिले आहेत. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वाहून राहिली का? बरं. तिला म्हणावं, राहायचंच असेल तर भाडं भर." सगळा वर्ग हसला. मग बाईंनी तिचं आडनाव विचारलं, आणि ऐकू आलेलं असताना पुन्हा एकदा विचारलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज निघाला नाही. बाई दुष्ट नव्हत्या, आता वाटतं. त्यांनी एक वाक्य टाकलं आणि त्या पुढं गेल्या, संध्याकाळपर्यंत विसरूनही गेल्या असतील. पण पूर्णिमा त्या बाकाशी कितीतरी वर्षं उभीच होती. त्या वर्षभर ती फक्त कवितेच्या तासाला तोंड उघडायची. कविता सगळे मिळून म्हणायचे. त्या आवाजात तिचा आवाज कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे कुणाला कळायचं नाही, हसणार कोण आणि कुणाला? तिथं तिला ऊब मिळाली, नवीन शहरात पहिल्यांदा. पुढं ती स्वतः बाई झाली तेव्हा तिनं सगळ्या विषयांची कविता करून टाकली. आपल्या वर्गात कुणी असं बाकाशी उभं राहणार नाही, हा तिचा शब्द होता, स्वतःला दिलेला. आणि आता बघा, तिनं मुलांना लपायला जागा म्हणून जे दिलं, त्यात मुलं इतकी छान लपली होती की तिलाच सापडत नव्हती. एकेकाला उभं केल्याशिवाय त्याला काय येतं ते कळणार नाही, आणि उभं करायचं तर तो शब्द मोडायचा.

घरी रामदास मक्याची कणसं घेऊन आला होता. तिचा नवरा बँकेतून परत येताना मंडईत शिरला की असं काहीतरी घेऊन येतो आणि मग ते लगेच व्हायला हवं असतं. तिनं मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, मीठ टाकलं, कणसं सोडली. पाण्याला उकळी फुटली. "मोठा कर की गॅस, लवकर होतील," रामदास मोबाइलवरून मान न काढता म्हणाला, आणि तिचा हात गेला आणि तिनं गॅस मोठा केला. हात बटणावर तसाच राहिला. पाणी धडाधडा उसळायला लागलं. वाफ तिच्या चष्म्यावर आली.

"रामदास, गॅस मोठा केला की कणसं लवकर शिजतात?"

"मग? नाहीतर बटण कशाला दिलंय?"

"पाणी एकदा उकळलं की आणखी गरम होत नाही. नुसती वाफ जास्त होते."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. बावीस वर्षं म्हणतेय."

रामदासनं मान वर केली. "मग मोठा कशाला केलास?"

तो चिडवत नव्हता, खरंच विचारत होता.  तिनं चष्मा पदरानं पुसला. आयुष्यभर हाच हात हेच करत आला होता. आईचाही हात हेच करायचा, तो एक वेळ ठीक, ती शाळेत गेली नव्हती. पण पूर्णिमा विज्ञानाची पदवीधर. तिला ते वाक्य पाठ होतं, परीक्षेत तिनं ते लिहिलं होतं, शेकडो मुलांकडून वदवून घेतलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ते वाक्य चपलेसारखं काढून ठेवून ती आत येत होती. म्हणजे ती मुलं आणि ती, यांत फरक तो काय? तिलाही कुणीतरी मान हलवून शिकवलं होतं. तिला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीच, पण त्या लाजेच्या खाली कुठंतरी हलकंही वाटायला लागलं. नुसती मुलंच लपलेली नव्हती. तीही त्यांच्यातच होती, त्याच घोळक्यात, मधोमध. तिनं गॅस बारीक केला. कणसं व्हायची तेव्हा झाली. रामदास म्हणाला चांगली झालीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ती बुधवार पेठेत शास्त्रीय सामानाच्या दुकानाशी थांबली आणि एक नवा थर्मामीटर घेतला. प्रयोग करूनच दाखवायचा, असं तिनं ठरवलं होतं. पाणी उकळू दे, मग त्याखालची आच वाढू दे, आणि मुलांना आपल्या डोळ्यांनी बघू दे की पारा हलत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर नव्हता असं नाही. पण तो दोन अंशांनी मागं होता. ती नोकरीला लागली तेव्हा तिच्या आधीच्या बाईंनी चाव्या हातात देतानाच सांगितलं होतं, हा उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णवच दाखवतो, मुलांना म्हणायचं दोन मिळवून लिहा. तो फुटला, दुसरा आला, तोही तसलाच निघाला. सरकारी पुरवठा, दुसरं काय. तेव्हापासून शाळेत ही रीतच पडली होती. मुलं पारा बघायची, दोन मिळवायची आणि शंभर लिहायची. काही जण तर पारा न बघताच लिहायची, तेवढाच वेळ वाचायचा. आज मात्र तिला मिळवामिळवी नको होती. आजच्या दिवस तरी एकदम खरं, स्वच्छ शंभर दाखवायचं होतं.

टेबलावर स्पिरिटचा दिवा, त्यावर काचेचं भांडं, भांड्यात पाणी. सातवी ब टेबलाभोवती गोळा झाली, ऋतिका मागं भिंतीला टेकून उभी. पाण्यातून आधी बारीक बुडबुडे आले, मग मोठे, मग पाणी खदखदायला लागलं. पूर्णिमानं दुसरा दिवा पेटवून पहिल्याच्या शेजारी सरकवला. पाणी उड्या मारायला लागलं. "आता आच वाढवली," ती म्हणाली. "पाणी आणखी गरम होतंय का?" आणि यावेळी तिनं मान धरून ठेवली, आवाज सपाट ठेवला, चेहऱ्यावरचं सगळं पुसून टाकलं. मुलांनी भांड्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. "हो..." काही जण म्हणाले, "नाही..." काही जण म्हणाले, आणि दोन्ही आवाज मधेच विरले. तिच्या वर्गात इतका केविलवाणा आवाज कधी निघाला नव्हता. मग तिला ती युक्ती सुचली. आधी ठरवलेली नव्हती, तिथंच सुचली. "एकेकानं या," ती म्हणाली. "पारा कुठं आहे बघा, आणि माझ्या कानात सांगा. फक्त कानात. मी कुणाचं कुणाला सांगणार नाही."

रांग लागली. आपल्या मुलांच्या इतक्या जवळ ती कधी गेली नव्हती. एकेक तोंड कानाशी येत होतं, कुणाच्या श्वासाला शेंगदाण्याच्या चटणीचा वास, कुणाच्या केसांना खोबरेल, कुणाचा आवाज इतका घोगरा की तिला धक्काच बसला, हा कधी फुटला? शंभर, बाई. शंभर. शंभर. शंभरच आहे. पूर्वा, वर्गात पहिली येणारी, जी कोरसमध्ये नेहमी निमिषभर पुढं असायची, तिनं भांड्याकडे नजरही टाकली नाही आणि स्पष्ट उच्चारात सांगून गेली, शंभर अंश सेल्सिअस. एकानं प्रामाणिकपणे हिशेब सांगितला, अठ्ठ्याण्णव अधिक दोन. पूर्णिमा स्वतः अजून वाकलेली नव्हती, तिलाही खात्रीच होती ना. मग भाग्यश्री आली. तीन महिन्यांपूर्वी लोणी काळभोरहून आलेली, वर्गात बसायची तेवढी बसायची. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं, आणि कानाशी येऊन म्हणाली, "अठ्ठ्याण्णव हाय. बाई, नवा पण खराब निघाला का?"

पूर्णिमा वाकली. नवा कोरा थर्मामीटर, काचेवर दुकानाचा डाग सुद्धा नाही, आणि पारा अठ्ठ्याण्णवच्या रेघेला लागून गप्प उभा. तिनं कपाटातून जुना काढला, तोही पाण्यात सोडला. दोन्ही पारे शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. दुकानदाराला नावं ठेवावीत असं तिच्या मनात आलं आणि त्याच क्षणी, कुठून कोण जाणे, तिच्याच आवाजातलं एक वाक्य तिच्या कानात वाजलं. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून हिमालयात पाणी कमी तापमानाला... 'उकळतं,' म्हणायचा वर्ग, दरवर्षी. हिमालयात. नेहमी हिमालयातच. खंडाळ्याचा घाट चढून पुण्यात यावं लागतं, हे तिला माहीत नव्हतं का? मुंबईहून येताना गाडीत कान गच्च होतात, हे माहीत नव्हतं? पुणं समुद्राच्या काठी नाही, घाटाच्या वर आहे, इथंही हवा थोडी हलकीच, आणि इथलं पाणी पुस्तकाला न जुमानता वर्षानुवर्षं अठ्ठ्याण्णवला उकळत होतं आणि तिला तेच सांगत होतं. खरं बोलणारे ते थर्मामीटर. तिनं त्यांना खराब ठरवलं, आणि पिढ्यान् पिढ्या पोरांना सांगत आली की डोळ्यांना दिसतं ते सोडा, दोन मिळवून लिहा. तिला एकदम घाम आला, आणि त्या घामातच असा काही आनंद झाला की तिनं टेबलाची कड धरली. तिला कळलं होतं. आज, या वयात, स्वतःचं स्वतःला.

"दोन्ही थर्मामीटर अठ्ठ्याण्णव दाखवतात," ती मोठ्यानं म्हणाली. "नवाही आणि जुनाही. पुस्तकात शंभर आहे. मी इतकी वर्षं तुम्हाला दोन मिळवायला सांगत आले, पण का, ते कधी तपासलं नाही. आता हे असं का होतं, तर आपलं पुणं समुद्रापासून..." सगळा वर्ग पुढं झुकला. तोंडं अर्धी उघडली. अर्धं वाक्य हवेत होतं आणि सगळे ते झेलायला तयार होते, एक शब्द आला की पुरे. पूर्णिमानं तोंड मिटलं. दात दातांवर ठेवून मिटलं. "नाही," ती म्हणाली. "हे मी सांगणार नाही. तुम्हाला काय वाटतं?"

 पाणी तेवढं खदखदत होतं आणि बाहेर तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडत होती. ऋतिका भिंतीपासून अर्धी पुढं आली, "मॅडम, हिंट देऊ का," तिनं ओठांनीच विचारलं, आणि पूर्णिमानं तिला हातानं थांबवलं.  पूर्णिमाला तो जुना बाक आठवला. इतक्या मुलांसमोर आज एकटी उभी होती ती तीच, आणि गंमत म्हणजे तिला काही झालं नव्हतं. मग भाग्यश्रीचा हात वर गेला. कुणी तिला उभं केलं नव्हतं.

"बाई, पाण्याचा फरक असंल. आमच्या मामाकडं लोणीला बोअरचं पाणी हाय. जड असतंय ते. त्यात डाळ लवकर शिजत न्हाय, मामी सारखी वैतागते. हितलं धरणाचं. हलकं हाय, म्हणून आधीच उकळत असंल."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.  पूर्णिमाला कळत होतं की आता आपण बोलायला हवं, पांघरूण घालायला हवं, आणि तिच्या तोंडून शब्द निघायच्या आत पूर्वा मागं वळून म्हणाली, "गप रे, तिला बोलू दे. भाग्यश्री, पण जड म्हणजे काय? त्यात काय मिसळलेलं असतं?" "क्षार," कुणीतरी म्हणालं. "मग मीठ घालून बघू या ना." "अरे, पण बाटलीचं पाणी?" "ते तर आणखी हलकं." "त्यापेक्षा बोअरचंच आणू या." हसणारा पोरगा आता टाचा उंचावून भांड्यात बघत होता. त्याला हसायला वेळ नव्हता. भाग्यश्रीच्या 'हाय'कडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण ती काय म्हणाली ते सगळ्यांना हवं होतं.  मुलांना वाचवायला पूर्णिमानं सगळ्यांचा एक आवाज केला होता, आणि वाचवणारी गोष्ट ही होती, हे एवढंसं, एक प्रश्न ज्याचं उत्तर कुणालाच अजून माहीत नव्हतं.

उत्तर चुकीचं होतं. डाळीचं खरं, पण या दोन अंशांशी त्याचा संबंध नाही. पण तिच्या वर्गात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं चुकलं होतं.

"बरोबर हाय का, बाई?" भाग्यश्रीनं विचारलं, आणि सगळ्या वर्गाचे डोळे सवयीनं पूर्णिमाच्या चेहऱ्यावर आले. हा चेहरा आता काय काय सांगून टाकेल याचा तिला भरवसा नव्हता. तिनं वर्गाकडे पाठ केली आणि डस्टर उचलून फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. "आणून बघ," ती फळ्याकडे तोंड करून म्हणाली, आवाज शक्य तितका सपाट ठेवून. मागं भांडण रंगात आलं होतं. पूर्वाचं म्हणणं की दोन्ही पाणी एकाच वेळी ठेवायचं, घोगऱ्या आवाजाचा पोरगा म्हणत होता एकाच भांड्यात, नाहीतर भांड्याचा फरक येईल, आणि ऋतिकाही कधी त्यांच्यात जाऊन वाद घालायला लागली होती ते कळलंच नाही. पाठ असूनही पूर्णिमाला प्रत्येक आवाज कुणाचा ते ओळखू येत होतं. "मामाला सांगते, बाटली भरून धाड म्हणून," भाग्यश्री म्हणाली, आणि पूर्णिमा कोरा फळा पुसत राहिली.